पाठीवरची छागल

सौंसरच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतल्या संत्र्याच्या बागा सायकलने फार लांब नव्हत्या. जाताना चढ असल्याने दोन तास लागत, येताना त्याच्या निम्मे. अंतर कमी म्हणून पाणीही कमी लागेल, असा माझा आधी समज होता. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात तो मोडला. ऐंशीनंतरच्या तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. त्या दोन तासांचे पाणी कशात न्यायचे याची मी तीन उत्तरे काढली आणि तिन्ही चुकली. बरोबर उत्तर माझ्या मावसभावाने काढले, तेही माझ्याच घरच्या ओसरीत बसून.

आम्ही दोघे एका माणसाच्या हाताखाली उमेदवारी करत होतो. नागपूरच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी ते बागा पाहत. झाडाभोवती एक फेरी मारायची आणि झाडावर किती फळ आहे किंवा पुढे किती धरेल ते सांगायचे, हे त्यांचे काम. व्यापारी त्या आकड्यावर बहार, म्हणजे बागेचे त्या हंगामाचे सगळे फळ, विकत घेई. सगळे त्यांना काकाजी म्हणत. वय साठीच्या पुढे गेले होते आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. सोबत पाहणारा आणि पुढे एकट्याने पाहू शकणारा एक माणूस त्यांना तयार करायचा होता. एकच. हे त्यांनी पहिल्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितले.

"पावसाळा लागेपर्यंत दोघंही या. मंग एकाले ठेवीन. दुसऱ्यानं राग नाही धराचा."

माझे वडील नगरपालिकेत होते. आमच्या वस्तीतली बाकीची बहुतेक माणसे बागांमध्ये आळी करायला, फळ तोडायला जात. आकडा सांगायला आमच्यातले कोणी कधी गेले नव्हते. मावसभावाच्या घरीही, पांढुर्ण्याला, तेच होते. त्यामुळे ही जागा आमच्या दोन घरांपैकी एका घरात येणार हे नक्की होते आणि ते घर माझे असावे एवढीच माझी इच्छा होती. त्या दोन महिन्यांसाठी तो आमच्याकडे राहायला आला. आम्ही एका वयाचे होतो, एकाच वर्षी मॅट्रिक झालो होतो, आणि लहानपणापासून कोणीही पाहुणा आला की आम्हाला पाठीला पाठ लावून उभे करून उंची पाहत असे. तो एक बोट उंच होता.

पाण्याला आमच्या कामात महत्त्व का होते, ते सांगायला हवे. मृगाच्या पावसावर झाड फुलावे म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात बागेला ताण देतात. म्हणजे झाडाचे पाणी पूर्ण तोडतात. पाने वळतात, पिवळी पडतात, गळतात. मग पाऊस पडला की झाड एकदम फुलावर येते. मध्येच पाणी मिळाले तर ते फूल सोडून नुसती पालवी काढते. म्हणून ताणाच्या दिवसांत काही बागाईतदार विहिरीवरचा दोर आणि बादलीसुद्धा घरी नेऊन ठेवत. बागेत पाणी मागायची सोय नव्हती. आणि काकाजींचा नियम असा होता :

"तहानलेला माणूस झाड अर्धंच पाह्यते. पोटात गार पाणी असलं का डोळा थंड रायते. गरम पाणी पेऊन आकडा सांगाचा नाही."

माझे पहिले उत्तर होते शाळकरी पोरे गळ्यात अडकवतात ती प्लास्टिकची वॉटरबॅग. नऊ वाजेपर्यंत तिच्यातले पाणी चहासारखे होई आणि त्याला प्लास्टिकचा वास येई. दुसरी अॅल्युमिनियमची, बनातीचे कव्हर असलेली फौजी बाटली. ती नागपूरच्या जुन्या बाजारातून आणली होती. कव्हर ओले ठेवले तर पाणी थंड राही, पण तिच्यात एका माणसाचेही पुरेसे पाणी मावत नसे आणि दगडी वाटेवर ती दर धक्क्याला कमरेच्या हाडावर आपटे. तिसरी छागल, म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. रात्रभर भिजवून ठेवली की कापड फुगते, मग पाणी नुसते पाझरते आणि वाऱ्याने गार होते. मी ती हँडलला अडकवली. चढावर उभे राहून पायडल मारताना ती गुडघ्याला लागे, उतारावर पुढच्या चाकाकडे जाई. चौथ्या दिवशी बाभळीच्या काट्याने तिला भोक पडले.

मावसभाऊ या सगळ्या दिवसांत माझेच पाणी पीत होता. काही बोलत नव्हता, फक्त पाहत होता. मग एका रविवारी तो पांढुर्ण्याला जाऊन आला. येताना नवी छागल, खाटेच्या नवारीचे दोन पट्टे आणि सलाईनची एक नळी घेऊन आला. त्याची मोठी बहीण तिकडे एका दवाखान्यात नर्स होती. बसस्टँडजवळ चपला-बॅगा शिवणाऱ्याकडून त्याने छागलीला दप्तरासारखे पट्टे शिवून घेतले. लाकडी बुचाला तापलेल्या सळईने भोक पाडले आणि त्यातून नळी तळापर्यंत सोडली. नळीचे दुसरे टोक खांद्यावरून पुढे आणून पट्ट्याला बांधले. सलाईनचे थेंब कमी-जास्त करायची जी लहान चकरी नळीवर असते, ती त्याने तशीच ठेवली. फिरवली की पाणी बंद, सैल केली की चालू.

छागल पाठीवर घेऊन तो ओसरीत उभा राहिला.

"घे, वढून पाय."

"कोणाच्या हातात लावली होती का माहीत ती नळी."

"नवीच हाये बे. ताईनं उकळून देली."

"दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटून राहिलं."

"तू तं झालाच भरती. तुह्या तोंडाकडं पाह्यलं का समजते."

आई दारात उभी राहून हसली. तिने स्वतः नळी तोंडात धरून पाहिली, पाणी आले तसे डोळे मोठे केले.

"पाय, कसं डोकं चालवते पोट्टा. नाही तं तू. तीन भांडे फोडले."

"फोडले नाही, बदलले."

"एकच हाय ते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चढावर मी पाणी प्यायला दोनदा थांबलो. तो एकदाही थांबला नाही. मान थोडी वळवायची, नळी दातात धरायची, पायडल चालूच. वर पोचल्यावर काकाजींनी त्याच्याकडचे पाणी चाखले आणि ओठ पुसले.

"हे पाणी हाये. याले पाणी म्हणतेत."

त्या दिवसापासून काकाजी त्याच्याच नळीने पिऊ लागले. मग त्याच्या शेजारूनच चालू लागले, कारण पाणी त्याच्या पाठीवर होते. शेजारून चालायचे तर बोलणे आलेच. झाड कसे वाचायचे, वरचा शेंडा आधी पाहायचा की पोटातली फांदी, हे सगळे तो माझ्याआधी ऐकू लागला. मी दोन पावले मागे असे. मागून त्याची ओली पाठ दिसे. मला त्या ओल्या शर्टाचाही राग येई, कारण माझा शर्ट घामाने ओला असे आणि त्याचा गार पाण्याने.

तो म्हणाला होता, "तुलेही एक करून देतो. नळी अजून मिळन." मी म्हणालो, "मले नाही पायजे." खरे तर मला तीच हवी होती, दुसरी नको होती.

मेच्या मध्यावर आम्ही एका बाईंच्या बागेत गेलो. त्या स्वतः बाग करत, चाळिशीच्या होत्या आणि आवाज विहिरीच्या पलीकडून ऐकू येईल असा होता. त्यांचा नियम कुंपणाच्या फाटकावरच सांगितला जाई. ताणाच्या बागेत पाण्याचे भांडे आत न्यायचे नाही. बाहेर बोरीचे एक झाड होते, त्याला लटकवायचे. आदल्या वर्षी कोणी मजुराने आळ्यात हात धुतले आणि ते झाड पानावर गेले, असे त्यांचे म्हणणे होते. हात धुण्याने झाड पालवते का, हे काकाजींना मी विचारले होते. ते म्हणाले, "बाग तिची, झाड तिचं, नियम तिचा."

मावसभावाने फाटकाशी दोन घोट घेतले, छागल उतरवली आणि माझ्या हातात दिली. काकाजी आतून त्याला हाक मारत होते. तो मला म्हणाला,

"बोरीले लटकव जरा. चकरी पाह्यजो."

तो आत गेला. बोर मागे वीस पावलांवर होती. आतले पहिले संत्र्याचे झाड चार पावलांवर होते. मी छागल त्या झाडाच्या फांदीला अडकवली. वीस पावलांचा कंटाळा केला, असे मी नंतर बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो.

पट्ट्याला बांधलेले नळीचे टोक सुटले आणि खाली लोंबले. आताच तो प्यायला होता, म्हणून नळी पाण्याने भरलेली होती, आणि तिचे टोक छागलीच्या तळाच्या खाली गेले होते. असे झाले की पाणी आपोआप वाहत राहते, हे आम्ही दोघेही आठवीत शिकलो होतो. आधी थेंब आले, मग बारीक धार लागली. चकरी माझ्या छातीच्या उंचीवर होती. मी हात पुढे केला.

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून काकाजींचा आवाज आला. "हां. बराबर. हाच आकडा मह्या मनात होता."

आकडा माझ्या मावसभावाने सांगितला होता. मी हात मागे घेतला आणि त्यांच्याकडे चालू लागलो.

पाऊण तासाने बाईंची हाक ऐकू आली. आम्ही पोचलो तेव्हा त्या झाडाखाली उभ्या होत्या. छागल रिकामी होऊन, पोटाला पोट लागून लोंबत होती. आळ्यातली माती काळी झाली होती.

"माह्या झाडाले पाणी कोणं पाजलं?"

त्यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिले.

"तीन हप्ते झाले, मी घरच्या गाईले बागेच्या बाजूनं जाऊ देत नाही, का मुतन म्हणून. अन् तुमी सलाईन लावली? झाड बिमार होतं काय माहं?"

"बाई, एका झाडानं काय होते," काकाजी म्हणाले.

"आज एक म्हणता. मी तुमच्या व्यापाऱ्याले उद्या म्हणीन का एका पेटीनं काय होते, तं चालन?"

काकाजी खाली बसले. त्यांनी मातीत बोटे घातली, चार बोटे ओल निघाली. मग वर पाहिले.

"पिशवी कोणाची?"

"माही," मावसभाऊ म्हणाला.

"इथं कोणं लटकवली?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी छागलीकडे पाहत होतो. उत्तर द्यायला पुरेसा वेळ मला मिळाला होता, हे मी नोंदवून ठेवतो.

"चकरी माह्याच्यानं सैल राह्यली असन," तो म्हणाला.

प्रश्न लटकवण्याचा होता, उत्तर चकरीचे आले. काकाजींनी त्यांतला फरक विचारला नाही.

"ताणाच्या बागेत पाणी सांडणारा माणूस मले नाही चालत," ते म्हणाले. "एक बागाईतदार दुसऱ्याले सांगते. मंग कोणी फाटक नाही उघडत. मी काय व्यापाऱ्याले तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढुर्ण्याच्या बसने गेला. छागल त्याने खुंटीला लावून ठेवली होती.

"तुलेच लागन आता. बोरीजवळ वारा असते, चांगली गार होते," एवढेच म्हणाला. आईने त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि तो वळणापलीकडे जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग मला म्हणाली, "एवढ्याशा चुकीसाठी चांगलं पोरगं घालवलं त्या माणसानं."

जागा मला मिळाली. छागलही मिळाली. चढावर आता मीही थांबत नव्हतो. मान वळवायची, नळी दातात धरायची. पाणी गार असे. काकाजी माझ्या शेजारून चालत, झाड कसे वाचायचे ते सांगत. ज्या बागेत जाऊ तिथे कोणी ना कोणी विचारी, "हे कोणं बनवलं भाऊ?" मी सांगे, मावसभावानं. तो कोण, कुठे असतो, आता का येत नाही, असे प्रश्न मग ओळीने येत. बोरगावच्या एका बागाईतदाराने तर मला त्याच्याकडून तशीच एक आणून द्यायला सांगितले. तो नसलेल्या बागांतही माणसे त्याचीच चौकशी करत होती, आणि मी त्याचा निरोप्या झालो होतो. त्याची जागा घेऊनही माझा हेवा कमी झाला नाही. उलट आता तो रोज पट्ट्यांनी खांद्यावर बसू लागला.

मृग लागला. जुलैत बाईंची बाग फुलली. ते एक झाड सोडून. त्याने पालवी काढली होती, हिरवीगार, आणि फूल एकही नव्हते. बाईंनी ते आम्हाला हात धरून दाखवले. काकाजी त्या झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. परत येताना उतारावर त्यांनी सायकल थांबवली.

"एक झाड गेलं, खरं हाये. पण पोट्टा चांगला होता. त्याची नजर तुह्यापेक्षा सीधी हाये. मी रागात बोललो." मग म्हणाले, "जाय पांढुर्ण्याले. म्हणा, काकाजीनं बोलावलं. दिवाळीपर्यंत दोघंही राहा. मंग पाहू."

म्हणजे जागा पुन्हा एकाचीच, आणि उमेदवार पुन्हा दोन.

मी बसने गेलो. मावसभाऊ बाजारातल्या एका सायकलच्या दुकानात कामाला लागला होता. चाक उलटे टांगून तो आऱ्या कसत होता.

"काकाजीनं बोलावलं तुले."

"कायले? बाकीची बाग भिजवाले?"

"त्याईचा राग गेला."

"माहा कुठं गेला बे अजून." तो हसला. चाक फिरवून पाहिले, पुन्हा एक आरी कसली. त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती, आणि मला तेच सहन झाले नाही. मी बोललो.

"लटकवली मी होती."

"ते तं मले माहीत हाये. तुह्याच हातात देली होती."

"चकरी चालू होती. पाणी जाऊन राहिलं हे मले दिसलं होतं."

त्याने चाक हाताने थांबवले.

"हे नव्हतं माहीत," तो म्हणाला.

दुकानाच्या मालकाने आतून विचारले, चाक झाले का. तो म्हणाला, होऊन राहिलं. मग माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "काकाजीले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले सांगून काय फायदा? मी काय तुले काढणार हावो का ठेवणार हावो? त्याईले सांग. सांगितलं तं येतो. नाही तं नाही येत."

सौंसरला परतताना बसमध्ये माझ्याजवळ एक वाक्य होते : तो येत नाही म्हणाला. वाक्य खरे होते. त्याने ते जवळजवळ याच शब्दांत म्हटले होते. काकाजी त्यावर आणखी काही विचारणार नाहीत हे मला ठाऊक होते. विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते, ते मी बागेत पाहिले होते. पुढे बातम्या लिहिण्याच्या नोकरीत अशी अर्धी खरी वाक्ये मी रोज ओळखत गेलो, पण पहिले मी स्वतः तयार केले होते. घरी पोचेपर्यंत ते मी तसेच धरून ठेवले.

सकाळी चढावर काकाजींनी विचारले, "भेटला?"

"भेटला."

"काय म्हणते?"

मी सायकलवरून उतरलो. ते वाक्य तोंडापर्यंत आले होते. पण काकाजी पाणी प्यायला थांबले होते आणि नळी त्यांच्या हातात होती. त्यांनी चकरी बोटाने सैल केली, घोट घेतला आणि पुन्हा नीट बंद केली. मी सगळे सांगितले. बोर, वीस पावले, धार, पुढे केलेला हात. त्यांचा आवाज ऐकून हात मागे घेतला, हेही सांगितले.

त्यांनी नळीचे टोक पट्ट्याला परत बांधले. मग म्हणाले, "दोन महिने झाले ना?"

"हो."

"दोन महिने तू मले हेच पाणी पाजून राहिला."

त्या दिवशीची बाग त्यांनी मला पूर्ण पाहू दिली. मी सांगितलेला आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला. माझा आकडा इतका जवळ पहिल्यांदाच आला होता. त्यांनी तो वहीत लिहिला. परतताना गावाच्या वेशीवर म्हणाले, "उद्यापासून तू नको येऊ."

काकाजींचा निरोप मिळून रविवारी मावसभाऊ आला. आईला मी काही सांगितले नव्हते. तिला वाटले, दोघे आता पुन्हा सोबत जाणार, म्हणून तिने माठातले पाणी स्वतः छागलीत ओतले आणि बूच घट्ट दाबले. काकाजी रस्त्यावर थांबले होते. मावसभावाने पट्टे आपल्या मापाचे करून घेतले. मी ते माझ्यासाठी एक बोट आखूड केले होते. निघताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

दोघे उत्तरेच्या रस्त्याला लागले. काकाजी उजव्या बाजूने, तो डाव्या बाजूने, त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्याकडून. त्याच्या पाठीवर पाण्याचा काळा डाग हळूहळू खाली पसरत होता.

"तू कायले उभा? जाय ना मांगं," आई म्हणाली.

"मले नाही जाचं."

"काऊन?"

शाळेच्या पुढच्या वळणावर त्याने मान वळवली आणि नळी तोंडात धरली. सायकल थांबली नाही. मग दोघेही दिसेनासे झाले. आई तांब्या हातात घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत तशीच उभी होती.